मोहाच्या हंगामाचं तिकीट

बदलापूरला राहून जंगलाची हौस बाळगणारी माणसं बरीच आहेत. पावसाळ्यात कोंडेश्वर, हिवाळ्यात बारवीचा परिसर आणि उरलेलं वर्ष लोकलच्या दारात. त्यातलीच मी एक. अस्वल बघायला जायचं ठरवलं, तेव्हा जे हळूहळू उमजत गेलं ते हे.

१. वाघ बघायला जातो म्हटलं की लोक ‘कुठे?’ विचारतात, अस्वल म्हटलं की ‘का?’ विचारतात. माझ्या नवऱ्यानेही आधी तेच विचारलं. सासूबाईंना मात्र जंगलाशी कर्तव्यच नव्हतं. त्यांच्या लेखी अस्वल दरवेशाबरोबर येतं, डमरूवर नाचतं आणि घाबरट पोरांच्या ताईतात घालायला केस देऊन जातं. त्यांच्या लहानपणी उल्हासनगरच्या कॅम्पात तेच चालायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही हा खेळ कितीतरी वर्षं चालू राहिला. नाचणारं शेवटचं अस्वल सोडवलं गेलं ते २००९ साली. त्याचं नाव राजू. नाकातून ओवलेल्या दोरीबद्दल मी सांगितलं तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “आम्हाला वाटायचं, त्याला हौस आहे.”

२. सगळ्यात जवळचं जंगल हे बघायला सगळ्यात सोयीचं असतंच असं नाही. नकाशावर कोयना-चांदोली आपल्याला जवळ, आणि तिथे अस्वल आहेही. पण सह्याद्रीच्या दाट रानात ते दहा पावलांवर असलं तरी कळायचं नाही. विदर्भातलं कोरडं, पानगळीचं रान उन्हाळ्यात विरळ होतं, नजर लांबवर जाते. म्हणून ताडोबा. ठाणे जिल्ह्यातून चंद्रपूर गाठायचं म्हणजे आधी उलटं कल्याणला जायचं, तिथून रात्रीच्या गाडीने नागपूर, मग पुढचा रस्ता. कर्जत लाइनवरच्या माणसाला कुठेही जायचं तरी कल्याणचा टोल भरावाच लागतो.

३. तारखा आपण ठरवत नाही, अस्वलाचं पोट ठरवतं. हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि सर्वांत जास्त मजाही इथेच आली. आपलं अस्वल थंड प्रदेशातल्या भाईबंदांसारखं हिवाळाभर झोपत नाही. ते वर्षभर हिंडतं, पण जिथे जे पिकेल तिथे. थंडीत बोरं. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास माद्या कपारीत वितात, त्यामुळे त्या दिसणं कठीण. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. पुढे टेंभरं, बहाव्याच्या शेंगा, जांभळं. आणि बारमाही जेवण म्हणजे वाळवी. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. वाचून मी थक्क झाले. मग कॅलेंडर उघडलं, तर मोह नेमका आमच्या बँकेच्या मार्च एंडिंगला फुलत होता. एप्रिलमध्ये मुलाची परीक्षा. त्यात ताडोबा मंगळवारी बंद, आणि गाभ्याचं जंगल जुलैपासून पावसाळाभर बंद. अस्वल, रिझर्व्ह बँक आणि शाळा यांना एका आठवड्यात बसवणं हे माझ्या नोकरीतल्या कोणत्याही ताळेबंदापेक्षा अवघड निघालं.

४. कपड्यांचा विचार लोक फार करतात. उल्हासनगरला मळकट हिरव्या रंगाचं जे मागाल ते स्वस्तात मिळतं, प्रश्न संपला. मोबाइल ताडोबात आत नेऊ देत नाहीत. तो नसण्याची सवय आधीपासून करावी, हे मात्र मनापासून सांगते.

५. अस्वल शोधायचं तर खाली बघायला शिकावं लागतं. जिप्सीतल्या सगळ्यांची मान वाघासाठी वर, कान हरणाच्या ओरडण्याकडे. आम्ही गाईडला “आम्हाला अस्वल बघायचंय” म्हटलं, तेव्हा त्याने आधी आमच्याकडे नीट पाहून घेतलं. मग त्याचा चेहराच बदलला. फोडलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर मधासाठी वर चढताना उमटलेले नखांचे ओरखडे, बियांनी गच्च भरलेली विष्ठा: वाघवाले ज्यावरून भरधाव निघून जातात ते सगळं तो आम्हाला थांबून थांबून दाखवू लागला. अस्वल शेवटी दिसलंही. आधी ऐकू आलं, उसाचा रस संपल्यावर स्ट्रॉ ओढावी तसा मोठा आवाज. मग वारुळात डोकं खुपसलेली एक काळी पाठ, आणि पाठीवर घट्ट धरून बसलेलं पिल्लू. तोंड काही दिसलं नाही. मला चाललं.

६. ज्यांच्या अंगणापर्यंत अस्वल येतं, त्यांना ते बघायची अजिबात इच्छा नसते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी जेवायला वाढता वाढता विचारलं, “पैसे देऊन अस्वल पाहाले आले जी तुम्ही?” मी हसले. त्या हसल्या नाहीत. “वाघ परवडते. तो आपल्याले पाहून बाजूले होते.” अस्वलाची नजर अधू, आणि खाताना ते इतकं गुंग असतं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं आणि पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, तेही तोंडावर. आणि मोह वेचायला बाया जातात ती वेळ पहाटेची, अस्वल परतायच्या आधीची. म्हणजे ज्या हंगामासाठी मी मार्च एंडिंगशी भांडले, त्याच हंगामात मावशी टोपली घेऊन त्याच झाडाखाली जातात, डबा वाजवत, मोठमोठ्याने बोलत, अस्वल दिसू नये म्हणून. त्यांच्या घरचं वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांतून निघतं. दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसल्यावर ‘दिसू दे’ असं मनात म्हणताना जीभ थोडी अडखळली, एवढं कबूल करते.

७. एक अस्वल बघितलं की दुसऱ्याचा बेत आपोआप शिजायला लागतो. बुलढाणा जिल्ह्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी ओळखलं जातं. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे पोचला, तेव्हा ते सगळ्यांना माहीत झालं. अस्वलं मात्र आधीपासूनच तिथे होती. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी नोंदवायचा वनविभागाचा उपक्रम असतो, त्यात जमलं तर बघायचं आहे. गाडी कल्याणहूनच, उतरायचं शेगावला. सध्या घरात वाद एवढाच आहे की आधी गजानन महाराजांचं दर्शन की आधी अस्वल. सासूबाई या वेळी बरोबर येणार आहेत, त्यामुळे निकाल काय लागणार ते उघड आहे.