कैसराच्या सोन्यावरील चित्रे

प्राचीन रोमी राज्यात छापखाने नव्हते, व प्रजेपैकी थोड्यांसच वाचता येत असे. तथापि कैसराचे म्हणणे दूरदूरच्या गावी पोचे. हे काम पुष्कळ अंशी नाण्यांनी केले. त्यांवरील चित्रे नीट पाहिली असता शुभवर्तमानातील एक प्रसंग अधिक स्पष्ट होतो, म्हणून आम्ही आज सोन्याच्या नाण्यांविषयी लिहितो.

सोन्याच्या नाण्यास औरेउस म्हणत. एका औरेउसाचे रुप्याचे २५ देनारी होत. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा दिवसाचा रोज एक देनारी आहे, ह्यावरून औरेउसाची किंमत ध्यानात येईल. ऑगस्टसाच्या काळी पायदळाच्या शिपायाचे वर्षाचे वेतन २२५ देनारी, म्हणजे ९ औरेउस, इतके होते.

तिबिर्य कैसराच्या औरेउसावर एका अंगास पानांचा मुगूट घातलेले त्याचे मस्तक असून, तो देव झालेल्या ऑगस्टसाचा पुत्र आहे असा लेख आहे. दुसऱ्या अंगास हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री, व महायाजक ही कैसराची पदवी. त्याच्या देनारीवरही हेच आढळते. कराविषयी प्रश्न झाला तेव्हा प्रभूने मागून घेतलेला देनारी हाच असावा, असे पुष्कळ विद्वान मानतात. ज्या यहूद्यांस मूर्तीचा निषेध होता त्यांस कर भरावयास असला लेख हाती धरावा लागे. प्रश्न किती बिकट होता, हे वाचकांनीच पाहावे.

पुढे इ. स. ७० मध्ये यरुशलेमेचा नाश झाला. वेस्पासियन कैसराने जी सोन्याची नाणी पाडली त्यांतील काहींवर जिंकलेल्या शस्त्रांचा विजयस्तंभ आहे, त्याच्या पायथ्याशी एक स्त्री शोक करीत भुईवर बसली आहे, व खाली 'यहूदीया' एवढीच अक्षरे आहेत. रोमी शिपायास त्यात आपला पराक्रम दिसे. यहूदी मनुष्यास त्यात आपली आई दिसे. नाणे एकच, परंतु ज्याच्या तळहातावर पडे त्याप्रमाणे त्याचा अर्थ पालटे.

हे सोने व्यापाराने आपल्या देशातही आले. १८९८ साली दक्षिणेत पुदुक्कोट्टै येथे ५०१ औरेउसांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेकांच्या मुखवट्यावर छिन्नीचा घाव आहे. कैसराचा चेहरा चिरला गेला, पण सोने सोनेच राहिले.

नाणे पाडणारा आपणांस जे दाखवू इच्छितो तेवढेच पाहून आपण थांबू नये. प्रभूने मूर्ती कोणाची असे विचारले, व देवाचे ते देवाला द्यावयास सांगितले. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असे शास्त्र सांगते. तेव्हा विजयस्तंभाखाली धुळीत बसविलेल्या त्या स्त्रीवर कोणाचा ठसा होता?

वर्गात विचारावयाचे प्रश्न: (१) नाण्यावरील लेखामुळे यहूद्यांस कोणती अडचण पडे? (२) आपल्या गावी कोणास धुळीत बसविले जाते, व त्याच्याकडे आपण कोणाच्या दृष्टीने पाहतो?