संपादिकेची साक्ष : मारी द गुर्ने आणि समतेची मांडणी

फ्रेंच वाङ्मय आणि मानवी हक्क यांच्या संबंधाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम १७८९ च्या जाहीरनाम्याकडे जाते. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, १६२२ मध्ये, मारी द गुर्ने (१५६५–१६४५) या विदुषीने ‘स्त्रीपुरुषांची समता’ हा छोटा प्रबंध प्रसिद्ध केला होता. मोंतेन्य या निबंधकाराच्या ग्रंथाची संपादिका म्हणूनच तिचे नाव अधिक परिचित आहे. तिचे संपादनकार्य आणि तिचा समताविचार या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येतात काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

गुर्नेने लॅटिन स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. १५८८ मध्ये पॅरिसला तिची मोंतेन्यशी भेट झाली व त्याने तिला मानसकन्या मानले. १५९२ मध्ये तो निवर्तला. त्याच्या पत्नीकडून आलेल्या प्रतीवरून तिने १५९५ ची आवृत्ती सिद्ध केली.

समतेचा प्रबंध त्या काळच्या स्त्रीविषयक वादात लिहिला गेला. स्त्रीनिंदेला स्त्रीस्तुतीने उत्तर देण्याची तेव्हा प्रथा होती. गुर्ने दोन्ही टोके नाकारते. स्त्रीचे श्रेष्ठत्व तिला नको आहे. समता पुरेशी आहे. मनुष्यत्व एकच असून लिंगभेद केवळ प्रजोत्पादनापुरता आहे, अशी तिची भूमिका आहे. मात्र या प्रतिपादनासाठी ती धर्मग्रंथ, चर्चचे आचार्य आणि प्राचीन तत्त्वज्ञ यांचे प्रामाण्य पुढे करते. म्हणून तिला आधुनिक अर्थाने हक्कवादी म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. तथापि आप्तवाक्याचा आधार घेण्यामागील कारण लक्षात घेतले पाहिजे : स्त्रीचा स्वतःचा युक्तिवाद ऐकून घेतला जाईल, याची तिला शाश्वती नव्हती. १६२६ च्या ‘स्त्रियांचे गाऱ्हाणे’ या लेखनात तिने नेमकी हीच तक्रार केली आहे. बोलणारी स्त्री आहे एवढ्यावरूनच तिचे म्हणणे हसण्यावारी नेले जाते, असे ती सांगते.

पुढे पाठचिकित्सेतही असाच प्रश्न उभा राहिला. १५९५ च्या आवृत्तीत गुर्नेची प्रशंसा करणारा एक परिच्छेद आहे. मोंतेन्यच्या हस्ताक्षरातील भर असलेल्या बोर्दोच्या प्रतीत तो आढळत नाही. तो तिनेच घुसडला असावा, असा संशय काही अभ्यासकांनी घेतला. विसाव्या शतकातील संपादकांनी सामान्यतः बोर्दोची प्रत प्रमाण मानली. २००७ च्या प्लेयाद आवृत्तीने मात्र पुन्हा १५९५ चा पाठ स्वीकारला.

या निवडीने त्या परिच्छेदाचा वाद मिटला, असे म्हणता येणार नाही. पाठभेद दाखविणे हे संपादकाचे कर्तव्यच होय. परंतु पाठाविषयीचा संशय आणि व्यक्तीविषयीचा अविश्वास यांत फरक करणे हेही त्याचे कर्तव्य आहे. समतेच्या तत्त्वाआधी साक्ष ग्राह्य धरली जाण्याचा प्रश्न येतो, हे गुर्नेच्या उदाहरणावरून ध्यानात येते. तिचा प्रबंध आणि तिची आवृत्ती एकत्र वाचावयाची ती याच कारणासाठी.