नव्या हिरवळीत फुलांचे वाफे

पुण्यातील एका वाचकांनी बंगल्यापुढे नुकतीच हरळीची हिरवळ लावली आहे. कडेचे वाफे आत्ताच काढावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

थोडे थांबावे. हलक्या हाताने ओढूनही गवत उपटून येत नसेल, तर मुळे धरली असे समजावे. मगच कुदळ मारावी. पाण्याची नळी जमिनीवर टाकून वळण आखावे. काढलेले गवत फेकू नये, विरळ जागी लावावे.

खरा त्रास पुढेच. हरळी जमिनीवरून पसरते, तशीच जमिनीखालूनही. त्यामुळे नुसती वीट मांडून भागत नाही. कडेला उभ्या विटा १५ सेंटिमीटर तरी खोल गाडाव्यात आणि सांधे सिमेंटने बुजवावेत. माथा मातीच्या पातळीला ठेवल्यास गवत कापण्याचे यंत्र वरून सहज फिरते. मात्र विटांवरून येणारे धुमारे पावसाळ्यात वरचेवर छाटावे लागतात.

भरपूर ऊन असेल तर सदाफुली लावावी.