गिधाडांचा ऱ्हास व पशुपालकांचे कर्तव्य

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पशुधनाचे होत. माण, आटपाडी व जत ह्या अवर्षणप्रवण भागांत खिलार जनावरांची पैदास होते, तर कृष्णाकाठी दुभती जनावरे पुष्कळ आहेत. पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या मृत जनावराचा फडशा गिधाडे अल्पावधीत पाडीत. आता ते दृश्य दुर्मिळ झाले आहे.

ऱ्हासाचे प्रमाण : १९९२ ते २००७ ह्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक, तर लांब चोचीची सुमारे ९७ टक्के घटली. पहिली जात उंच वृक्षांवर व दुसरी कड्यांवर घरटी करते. निवारा भिन्न असूनही दोन्ही एकदमच खालावल्या. त्या अर्थी दोष त्यांच्या समान खाद्यात असण्याचा संभव होता.

कारण : २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो दोष उघड केला. ताप, सूज व लंगडेपणा ह्यांवर जनावरांस डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध टोचले जाई. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश राहतो. ते मांस खाल्ल्याने गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते व ते थोड्याच दिवसांत मरते. एका जनावरावर अनेक गिधाडे जमतात. त्यामुळे शंभरात एकाहून कमी मृत जनावरे विषारी असली, तरी एवढा संहार होऊ शकतो. शिवाय गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. सबब झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

जाती नष्ट होण्याची कारणे सर्वत्र सारखी नसतात. कासच्या पठारावरील वायतुरा मोजक्या सड्यांवरच उगवतो. सडा उकरला गेला की त्याचा आसराच जातो. गिधाडांच्या बाबतीत मात्र कोणाचाही हेतू नसता हानी झाली.

उपाय : शासनाने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आणि २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ह्यांवर बंदी घातली. तथापि माणसांसाठीचे औषध जनावरांस टोचले गेल्यास बंदी निष्फळ ठरते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. जनावरांस औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक ठरलेले औषध असून त्याविषयी पशुवैद्यकाकडे विचारणा करावी.

२. वेदनाशामक औषध दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

३. मृत जनावरावर कीटकनाशक घालू नये.

४. घरटी असलेले उंच वृक्ष तोडू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती जनावरांच्या बाजारात व दूध संकलन केंद्रांवर सांगावी. उघड्यावर कुजणाऱ्या मांसावर मोकाट कुत्री पोसली जातात व पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढतो. तेव्हा गिधाडांचे रक्षण हे गावाच्या आरोग्याचेही रक्षण होय.