वेटिंग रिकामं असतं तेव्हा

अगं, एक्स-रे विभागाचा चार्ज आता तुझ्याकडे आलाय, म्हणून 2020 च्या कोविड टाळेबंदीने आम्हाला जे शिकवलं ते कानावर घालते. तशी वेळ पुन्हा न येवो, पण आलीच तर तुला विचारायला कुणी हाताशी असेलच असं नाही.

पहिली गोष्ट, रजिस्टरमधल्या आकड्याला भुलू नकोस. 25 मार्चला देश बंद झाला आणि आपल्या दारातली बाकडी ओस पडली. रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून अपघात कमी, ओपीडी बंद म्हणून गुडघे-कंबर कमी, ठरलेली ऑपरेशन्स पुढे गेली म्हणून त्याआधीचे छातीचे एक्स-रेही कमी. मग वरून विचारणा येते, तुमच्याकडे काम नाही तर माणसं वॉर्डात द्या. अशा वेळी रुग्ण किती ते सांगू नकोस, एका रुग्णाला वेळ किती लागतो ते सांग. एरवी छातीचा सीटी दहा मिनिटांत उरकतो. कोविडचा संशयित रुग्ण आला की पीपीई किट चढवा, टेबल झाका, स्कॅन झाला की सगळं पुसून काढा, हवा बदलेपर्यंत खोली मोकळी ठेवा. तास कुठे गेला कळत नाही. हा हिशेब रोजच्या रोज लिहून ठेव, म्हणजे तुझी माणसं तुझ्याकडे राहतील.

पोर्टेबल एक्स-रेवर एकट्याला कधीही पाठवू नकोस. जोडी हवी. एकाने रुग्णाला हात लावायचा, दुसऱ्याने फक्त मशीनला. प्लेट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालायची. एक्स-रे झाला की पहिल्याने पिशवीचं तोंड उघडून धरायचं आणि दुसऱ्याने पिशवीला हात न लावता प्लेट बाहेर ओढून घ्यायची. लेड ॲप्रन किटच्या आत घालायचा, बाहेर नाही. मे महिन्यात जीव नकोसा होतो हे खरं, पण बाहेर घातलेला ॲप्रन दर वेळी पुसत बसावा लागतो आणि एखादी वेळ राहून जातेच. किटच्या गडबडीत किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज टेबलावर राहतो, तोही बघ. आणि फरशीचं हायपोक्लोराइट सीटीच्या गँट्रीवर फवारू देऊ नकोस. सफाईवाले मामा काळजीपोटीच पंप घेऊन येतात. त्यांना आधीच नीट समजावून सांग. मशीन कंपनीने सांगितलेल्या द्रावणाने, ओलसर फडक्याने पुसायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जो रुग्ण आला नाही, तोही आपलाच. तारखा रद्द करताना सगळ्यांना एकच उत्तर देऊ नकोस. जुनी कंबरदुखी थांबेल. पण 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी पुढच्या महिन्यात केली तर तिचा निम्मा उपयोग जातो; बाळात व्यंग निघालं तर निर्णयाला वेळ फार कमी उरतो. केमो चालू असलेल्याचा सीटी, स्तनातल्या गाठीची मॅमोग्राफी, हात-तोंड वाकडं झालेला रुग्ण, हे थांबत नाहीत. कुणाला थांबवायचं हे खिडकीवरच्या क्लार्कने ठरवायचं नाही; रेडिऑलॉजिस्ट मॅडमकडून यादीवर खूण करून घे. ज्यांना परत पाठवलं त्यांचं नाव, फोन आणि तपासणीचं कारण एका वहीत लिही. या गडबडीत गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचे एफ फॉर्म भरायचे राहू देऊ नकोस. 2020 च्या एप्रिलमध्ये केंद्राने अहवाल पाठवण्याच्या मुदतीत सवलत दिली होती. फॉर्म भरण्यातून सूट नव्हती, तरी बऱ्याच जणांचा तसा समज झाला.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत चित्र उलटं होतं. दम लागला नाही, ताप नाही, तरी लोक छातीच्या एचआरसीटीला रांगा लावत आणि 'स्कोअर पंचवीसपैकी किती?' एवढंच विचारत. राज्य सरकारने दर बांधून दिले होते, सोळा स्लाइसच्या आतल्या मशीनला 2000 रुपये, त्यापुढे 2500 आणि 3000. त्यामुळे लुबाडणूक आटोक्यात आली, गर्दी मात्र तशीच. तू काउंटरवर स्कोअर तोंडी सांगू नकोस. पहिल्या एक-दोन दिवसांत सीटी कोरा येऊ शकतो आणि असा माणूस निर्धास्त होऊन घरी बसतो. बोटाला ऑक्सिमीटर लाव, आकडा फॉर्मवर लिही, 94 च्या खाली असेल तर त्याला रांगेत उभा ठेवू नकोस.

लाट ओसरली की दम खाता येईल असं वाटतं. 2021 च्या मे-जूनमध्ये तेव्हाच म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण आले, नाक, सायनस, डोळे, मेंदू, सगळ्याचा एमआरआय. बहुतेकांना मधुमेह, त्यात बुरशीवरच्या इंजेक्शनने किडनीवर ताण. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन आजचं आहे का, हे स्वतः बघ. गेल्या आठवड्याचा कागद चालत नाही. आणि लाट ओसरली त्याच आठवड्यात परत पाठवलेल्यांची ती वही उघडायला सुरुवात कर. रोज संध्याकाळी दहा फोन, आधी कॅन्सरचे. नंबर लागला नाही तर आशाताईंकडून निरोप धाड. कितीतरी माणसं गावी निघून गेलेली असतात.