आधी उतरवायला शिका, मग तोडायला

सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा या पालघरच्या पट्ट्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडणारी मुलं घरोघरी आहेत. पाय अनवाणी, कमरेच्या आकडीत कोयता, बाकी काही नाही. असा दहावी-बारावी झालेला मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तेव्हा त्याचं कसब वाया जातं. शहराला ते हवं आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका आणि सोसायट्या फांद्या छाटून घेतात. मे 2021मध्ये तौक्ते वादळात मुंबई-पालघरात झाडं कोसळली, तेव्हा ती हटवायला जाणती माणसं कमी पडली.

"पडला तर?" हा आईबापांचा प्रश्न रास्त आहे. घरच्या ऐनावर चढणं आणि पोटासाठी रोज दोरावर लटकून करवत चालवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीसाठी हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, कमरेला व मांड्यांना बसणारा हार्नेस, कुलूप लागणाऱ्या कड्या (कॅराबिनर) आणि झाडावरच्या कामासाठीच बनवलेला साधारण 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा दोर लागतो. बैलाचं दावं किंवा बाजारातली नायलॉनची दोरी चालत नाही. करवत चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण चेनसॉ दोर क्षणात कापते. म्हणून दुसरा बांध पोलादी तारेचा गाभा असलेला घेतात. रोज सकाळी अख्खा दोर बोटांतून सरकवून पाहायचा. कुठे मऊ पडला, फुगला, कापला गेला, की तो बाद. जवळून वीजतार जात असेल, तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही.

तरीही अपघात होतात, आणि तिथे प्रथमोपचारच उपयोगी पडतो. करवतीची जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. ते भिजलं तरी काढायचं नाही, वर दुसरं ठेवून दाब चालू ठेवायचा. हातापायाचं रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. उंचावरून पडलेल्याला उचलून बसवू नका. डोकं-मान स्थिर धरा. हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस काही मिनिटांत धोक्यात येतो. त्याला लगेच खाली आणून आडवं करायचं, श्वास नसेल तर छाती दाबायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. त्याला खाली आणायला दुसरा चढणारा, दुसरा दोर तयार हवा. 108ची रुग्णवाहिका घाटातून यायला वेळ लागतो, मोबाईलला रेंज असेलच असं नाही. म्हणून रेंज कुठे मिळते आणि रस्त्यावर कोण उभं राहणार, हे चढण्याआधीच ठरवा.

शिकायचं कुठे? प्रथमोपचाराचे वर्ग सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस घेतात. दोराचं तंत्र गिर्यारोहणातून येतं: पुण्यात गिरिप्रेमीची संस्था आहे, उत्तरकाशीला 1965पासूनची नेहरू गिर्यारोहण संस्था. झाडाचं शास्त्र शिकायचं असेल तर दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय. अनुभव जमल्यावर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं झाडावर चढणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. त्यालाही झाडावरून सुटका आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं. अग्निशमन दलाकडे वळायचं असेल, तरी हे सगळं कामाला येतं.

हे काम हंगामी आहे, बरंचसं ठेकेदारीवर चालतं, हे लपवून उपयोग नाही. अठरा पूर्ण होण्याआधी मुलाच्या हाती चेनसॉ देऊ नका. ठेकेदाराला पालकांनी स्वतः भेटावं. विमा आहे का विचारावं, दोर आणि हेल्मेट हातात घेऊन पाहावं. मग विचारावं, मुलगा वर अडकला तर त्याला खाली कोण आणणार? त्या माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर मुलाला पाठवू नका.