चार ओळींचा पाठ : मात्रा, यमक आणि पुनरुक्ती

कविता शिकवणे म्हणजे अर्थ सांगून ती पाठ करून घेणे, अशी आपली समजूत पुष्कळदा असते. लघु-गुरूंचा विचार वरच्या इयत्तांचा, असे म्हणून आपण तो बाजूस सारतो. जयसिंगपूर येथे चौथीच्या वर्गात मी पुढील ओळी स्वतः जुळवून फळ्यावर लिहिल्या :

कृष्णेकाठी ऊस डोलतो,
पानापानांतून बोलतो;
वारा येतो, वारा जातो,
पानांसंगे गाणे गातो.

प्रथम टाळ्या. प्रत्येक ओळीस दोन. दुसरी टाळी ‘ऊस’वर, ‘तून’वर, ‘वारा’वर, ‘गाणे’वर. ‘पानापानांतून’ हा शब्द टाळीने मधोमध तुटतो, हे मुलांनीच दाखवले. मग लघूची एक व गुरूची दोन अशा मात्रा मोजल्या. पहिल्या ओळीत पुष्कळांच्या पंधराच भरल्या. ‘कृ’ ऱ्हस्व खरा. पण पुढील जोडाक्षराचा आघात त्यावर येतो, म्हणून तो गुरू. (‘तुझ्या’मधील ‘तु’वर असा आघात येत नाही, तो लघूच राहतो.) आठ-आठ मिळून सोळा मात्रांच्या या जातीस पादाकुलक म्हणतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियन यांच्या ‘छन्दोरचना’ (1927, सुधारित आवृत्ती 1937) या ग्रंथात अशा जातींचे विवेचन सविस्तर आहे.

यमकास फार वेळ लागला नाही. ‘डोलतो-बोलतो’ यांत तीन अक्षरांचा मेळ, ‘जातो-गातो’ यांत दोनच.

पुनरुक्तीपाशी मात्र मी चुकलो. एकच शब्द दोनदा नको, म्हणून तिसरी ओळ ‘वारा येतो, समीर जातो’ अशी सुधारली. मात्रा सोळाच, यमकही शाबूत. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, मग आलेला वारा कुठं गेला?” मी निरुत्तर झालो. मूळ ओळीतील आठही अक्षरे गुरू आहेत आणि दोन्ही अर्धांचा आरंभ एकाच शब्दाने होतो. त्यामुळे तीच झुळूक जाऊन येते असे कानास वाटते. ‘समीर’मुळे ही झुळूक तुटते, आणि मात्रांच्या हिशेबात हा तोटा कोठेच दिसत नाही. म्हणून शब्द बदलून दोन्ही ओळी मोठ्याने म्हणवून घ्याव्यात, आणि उत्तर मुलांकडून येऊ द्यावे.

मी ‘समीर’ पुसला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक ओळ जुळवून आणावी असे सांगितले होते. त्याच मुलाने लिहून आणले : ‘पाणी येते, पाणी जाते.’ मात्रा त्याने मोजल्या नव्हत्या. आम्ही मोजल्या, त्या सोळा भरल्या.